तांडेलाची झोप

शिवा तांडेलाने उभी हयात जयगडच्या खाडीतून बोट बाहेर काढली, पण सुकाणूला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फुप्फुसं कामातून जाऊन घरी बसला, तरी खोड गेली नव्हती. खाटेशेजारच्या ऑक्सिजनच्या मशीनवर काचेच्या नळीत एक गोळी तरंगायची. ती दोनच्या रेघेवरच हवी, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. मशीनचं बटण तो स्वतः सांभाळायचा. ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा, स्टुलावर बसून आपली आंघोळ आपण उरकायचा आणि मदतीला कुणी धावलं की डोळे वटारायचा. दोनच का, हे मात्र त्याने घरात कधी सांगितलं नाही. तांडेल हुकूम देतो, कारणं सांगत बसत नाही.

त्या थंडीत पडसं छातीत उतरलं आणि शिवाने अंथरूण धरलं. रत्नागिरीच्या दवाखान्यात जाऊया म्हटलं तर ऐकेना. सकाळपासून त्याची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि ते बघून त्याच्या बायकोचा, हिराचा जीव टांगणीला लागला होता. सून शमिका चुलीशी होती, मुलगा दर्शन अंगणात जाळं शिवत होता. हिराने हळूच बटण फिरवलं. एवढंसंच. भुकेल्या माणसाच्या पानात दोन घास जास्त वाढले म्हणून कुणाचं काही बिघडतं का, असं तिला वाटलं. बिचारीने आयुष्यभर माया अशीच वाढली होती.

शिवाने डोळे किलकिले केले. "दोन...?" त्याने विचारलं.

"दोनच हाय, अवो. निजा तुम्ही," हिरा म्हणाली. नवऱ्याशी ती सहसा खोटं बोलत नसे.

दुपारी त्याचं डोकं दुखायला लागलं. शमिकाला त्याने आपल्या मेलेल्या आईच्या नावाने हाक मारली. मग धाप कमी झाली, चेहरा लालसर झाला आणि त्याला झोप लागली. किती दिवसांनी! हिराला भरून आलं. दर्शनने मोबाइल बंद केला, शमिका भांडी न वाजवता घासू लागली. शेजारची येसूबाई मासळी घेऊन आली, तिलाही दारातच गप्प केलं.

"छान निजलायत," हिरा कुजबुजली.

"बोलू नको गो, नजर लागंल," येसूबाई म्हणाली आणि पाऊल न वाजवता गेली.

झोपेत शिवाचे पंजे मधूनच फडफडत होते. दर्शन ते बघून हसला. "बाबा झोपेत पण बोट हाकतायत!" हिरालाही हसू आलं, पण ते हात तिला आवडले नाहीत. तिने ते गोधडीत झाकून टाकले.

दिवेलागणीला ती पेज घेऊन गेली. हाक मारली, गाल थोपटले, खांदा हलवला. शिवा उठेना. तेव्हा तिचं लक्ष नळीकडे गेलं. गोळी पाचच्या रेघेवर होती.

"एवढं मी नाय केलं! मी जरासंच..." ती किंचाळली.

शमिकाच्या हातातलं भांडं खाली आलं. "आई, मीपण जरासं..."

दर्शन दारात पांढराफटक पडला होता. वारा समोरून असला की इंजिनला रेस द्यायची, हे त्याला बापानेच शिकवलं होतं. त्यानेही दुपारी येऊन रेस दिली होती. तिघांनी एकमेकांपासून लपून माया केली होती.

त्याने दवाखान्यात फोन लावला. पलीकडून नर्सचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "वाढवलंत? आधी दोनवर आणा! या आजारात ऑक्सिजन जास्त झाला की आतला खराब वायू बाहेर पडत नाही, माणूस गुंगीत जातो. ही झोप नाही हो. त्यांना हलवत राहा, गाडी निघतेय."

हिराने बटण मागे फिरवलं. जयगडपर्यंत गाडी यायला किती वेळ लागतो, ते घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. शिवाचा एक श्वास आला. पुढचा येईपर्यंत तिघांनीही आपापला श्वास धरला होता.

"अवो, दोनच हाय," हिरा त्याचा खांदा गदागदा हलवत म्हणाली. "आता खरंच दोन हाय. डोळे उघडा, तुम्हीच बघा."

शिवाने बघितलं नाही.