मखरातला अंगारा

आमचे हे, म्हणजे धनंजय, इथे ओमानमध्ये रुसैलच्या गोदामात लाकूड तपासतात आणि घरी आल्यावरही तपासणं थांबवत नाहीत. पोळीवरचा डागसुद्धा उजेडात धरून बघतात. यंदा तर विचारायलाच नको. एका हॉटेलच्या सॉनासाठी लागवडीतलं ॲस्पेनचं लाकूड आलं होतं. ओमानच्या उन्हात लोक पैसे मोजून घाम गाळायला बसतात, हे मला अजून पटलेलं नाही. बुरशीनं गाभा कुजलेल्या तपकिरी फळ्या ह्यांनी एकूण एक बाजूला काढल्या आणि पांढऱ्याशुभ्र फळ्या पास केल्या. "धनंजय की नजर!" म्हणत अर्बाबनं, म्हणजे ह्यांच्या मालकानं, खूश होऊन त्यातल्याच काही फळ्या आमच्या गणपतीच्या मखरासाठी दिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मूर्तीच्या पायाशी पिठासारखी भुकटी दिसली. मी पुसली. संध्याकाळी पाहते तर पुन्हा तेवढीच! खालच्या मजल्यावरच्या कलावतीकाकूंनी ती चिमटीत घेऊन डोळे मिटले.

"मधुवंती, अगं अंगारा!"

झालं. आरतीला जमलेल्यांनी कपाळं पुढे केली. आपल्या अल अमेरातच्या फ्लॅटमध्ये चमत्कार, म्हणून मीही हवेत होते.

हे नुकतेच कामावरून येऊन हातपाय धूत होते. तेवढ्यात मखरामागून आमची आकांक्षा ओरडली, "बाबा, इकडे बघ ना, छोटे छोटे होल्स आहे!"

ह्यांनी येऊन फळीवर टिचकी मारली. आणखी अंगारा पडला. ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"भुंगा लागलाय," ते मला हळूच म्हणाले. "बुरशीच शोधत बसलो मी. हाच माल उद्या हॉटेलला जातोय."

गप्प राहिले असते तर अंगाराही टिकला असता आणि अर्बाबची 'नजर'ही. मला फार वाईट वाटलं त्यांचं. पण ह्यांनी सगळ्यांसमोरच फोन लावला.

"अर्बाब, माल रोको. लकडी में कीड़ा है. मेरे से छूट गया."

पलीकडून आवाज आला, "अच्छा हुआ आज बोला. यल्ला, कल माल भट्टी में गरम करो, कीड़ा खलास!"

आता सगळे भराभर कपाळं पुसू लागले. काकूंनी मात्र पुसलं नाही.

"माल जायच्या आदल्या दिवशी कळलं ना? मग हा अंगाराच!" असं म्हणून त्यांनी उरलेली चिमूट ह्यांच्यासमोर धरली.

लाकडातलं सगळं कळणाऱ्या आमच्या ह्यांनी मुकाट्यानं कपाळ पुढे केलं.