खांबाचा विमा

जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून चपलेचा पट्टा नीट करायचा, ही काजताईची जुनी युक्ती होती. पट्ट्याला कधीच काही झालेलं नसे. दम लागलेला असे. पण दम लागला हे सांगायचं कसं? त्यापेक्षा मुक्या चपलेवर आळ घातलेला बरा.

दुसऱ्या मजल्यावर गणवेश शिवायचं वर्कशॉप होतं. तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. जी ज्या मशीनवर बसे, तेच तिचं नाव. कॉलर बसवणारी ती कॉलर, कडा बांधणारी ती ओव्हरलॉक, काज-बटणं करणारी ती काजताई. कापड बेतणारे म्हातारे गृहस्थ तेवढे मास्तर. काजताईच्या नावाला ताई लागलं, कारण ती सगळ्यांत हसरी, सगळ्यांना धरून राहणारी आणि सगळ्यांत जाड. हे शेवटचं ती स्वतःच सांगायची. नवीन बाई कामाला आली की पहिल्याच दिवशी म्हणायची, की रविवारची सुट्टी माझ्यासाठी नसते, माझ्या स्टुलासाठी असते. सगळे हसायचे. दुसऱ्याने हसायच्या आत आपणच हसून घ्यावं, म्हणजे लागत नाही, असं तिने फार लहानपणी शोधून काढलं होतं.

अडीच महिन्यांपूर्वी त्याच वळणावर ती चपलेकडे वाकली आणि तिला सरळच होता येईना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. दवाखान्यातल्या बाई ओरडल्या नाहीत, घाबरवलंही नाही. रोज चाला म्हणाल्या, आणि जमेल तेव्हा दोन पावलं पळा. पळा! काजताईला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

तरी ती गेली. घरामागे कालव्याच्या कडेने सरळ रस्ता होता, त्यावर दिव्याचे खांब. उजाडता उजाडता तिथे चिटपाखरू नसे. भावाचं जुनं निळं जॅकेट पोटावर मिटेना, म्हणून तिने ते दोन्ही बगलांपासून खालपर्यंत उसवलं आणि वर्कशॉपमधल्या हिरव्या चिंध्यांच्या लांब त्रिकोणी कळ्या आत बसवल्या. निळ्याला हिरवं शोभत नव्हतं, पण तिला कोण बघायला येणार होतं?

पहिल्या दिवशी ती एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत न थांबता पळाली आणि त्या खांबाला मिठी मारून उभी राहिली. छाती भात्यासारखी चालली होती. घरी आल्यावर तिने जॅकेटच्या आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही असं, शर्टाचं एक पांढरं बटण लावून टाकलं. आपली पाठ आपणच थोपटावी तर हात पोचत नाही, मग निदान बटण तरी लावावं! दोन खांब झाले तेव्हा कोटाचं तपकिरी बटण लावलं. तिसऱ्या खांबाने दोन आठवडे घेतले. पाचव्याला तिने एक पितळी बटण लावलं, एखाद्या दरबानाच्या कोटाचं असावं. नवरा मालाचा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर असायचा, लेक त्या वेळी गाढ झोपेत. बटणांची ही गोष्ट या कानाची त्या कानाला माहीत नव्हती.

आणि त्या दिवशी सकाळी सातवा खांब झाला. न थांबता सात! काजताईने खांबाला मिठी मारली आणि कुणी नाही असं बघून त्याच्याभोवती चक्क दोन गिरक्या घेतल्या. सातव्यासाठी तिने लाल फुलाच्या आकाराचं बटण आठवडाभर आधीच हेरून ठेवलं होतं. जेवणाच्या सुट्टीत लावायचं म्हणून ते पर्समध्ये आणि जॅकेट पिशवीत टाकून ती कामाला आली. जिन्याच्या वळणावर चपलेला हात लावायचं ती विसरली, आणि आपण विसरलो हे वर पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

अकराला चहा आला. सगळ्यांचे फोन एकदमच वाजले. ओव्हरलॉकने ग्रुपवर व्हिडिओ टाकला होता. सकाळी स्कूटरवरून दूध आणायला जाताना कालव्याच्या पलीकडून काढलेला. लांबून, पाठमोरी, एक जाडी बाई पळत होती. पळत होती म्हणजे काय, सगळं अंग एकीकडे आणि पाय दुसरीकडे. चहाच्या टेबलावर हशा पिकला. मास्तरसुद्धा मिशीत हसले.

काजताईचा चष्मा मशीनवर राहिला होता. तिने डोळे बारीक करून तीन-चार सेकंद पाहिलं, आणि जाडेपणावरचा विनोद म्हणजे तिचा हातखंडा, ग्रुप तिच्याकडेच बघत होता. तिने झरझर लिहिलं, "पुढच्या खांबाचा विमा काढलाय का कुणी?" कॉलरला ठसका लागला. ओव्हरलॉक टेबलावर हात आपटत म्हणाली की ताईला तोड नाही. कौतुकाने फुगून काजताईने तोच व्हिडिओ, त्याच ओळीसकट, आपल्या बहिणींच्या ग्रुपलाही पाठवून दिला.

मग ती मशीनवर आली, चष्मा लावला आणि आपलाच विनोद पुन्हा बघावा म्हणून फोन उघडला. आता व्हिडिओ पुढे सरकला. बाई खांबापाशी पोचली. बाईने खांबाला मिठी मारली. बाईने दोन गिरक्या घेतल्या, आणि वळताना तिच्या बगलेखाली, निळ्या जॅकेटमध्ये, हिरवी कळी दिसली.

काजताईने व्हिडिओ मागे नेला, पुन्हा पाहिला. कळी तिचीच होती. जॅकेटही तेच. स्वतःची पाठ कुणी कधी पाहिलेली असते? गेले अडीच महिने पळताना तिला आतून वाटायचं, की आपण हरणासारख्या नसू, पण निदान पळतोय. आणि बाहेरून हे! तिचा सातवा खांब सगळ्यांनी चहाबरोबर बिस्किटासारखा बुडवून खाल्ला होता, आणि पहिला घास तिनेच घेतला होता.

नंतरचा तासभर तिचे हात काय करत होते, ते तिला कळलं नाही. मास्तरांनी येऊन तिच्यापुढचा गठ्ठा उचलला तेव्हा उमगलं. हॉटेलच्या शर्टांना एका पट्टीला काजं करायची, दुसरीला बटणं लावायची. अकरा शर्टांना तिने दोन्ही पट्ट्यांना काजं करून ठेवली होती. शिवण चुकली तर उसवता येते. काजाचं तसं नाही. तिथे कापड कापलेलं असतं.

मास्तर रागावले नाहीत. वीस वर्षांत तिचं एक काज चुकलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्या जेवायला गेल्या होत्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि काय झालं ते विचारलं. तिने पिशवीतलं जॅकेट काढून टेबलावर ठेवलं, हिरव्या कळीवर बोट ठेवलं, आणि मग पर्समधलं लाल बटण त्याच्याशेजारी ठेवलं.

मास्तर कळीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"मीही हसलो," ते म्हणाले. "मला वाटलं, कुणीतरी बाई आहे."

"मलाही तेच वाटलं, मास्तर."

त्यांनी जॅकेट उलटं केलं. सहा बटणं बघून ती कसली ते विचारलं. तिने अडखळत खांबांचं सगळं सांगितलं. सांगताना सवयीने एक विनोद करायला गेली, तर मास्तरांनी हात वर करून थांबवलं.

"पहिल्या खांबापासून सातव्यापर्यंत किती दिवस लागले?"

"अडीच महिने."

"म्हणजे आज आपण अडीच महिन्यांना हसलो." त्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्यापुढे ठेवली. "चाळीस वर्षं मी मापं घेतोय. कुणाची कंबर अठ्ठावीस, कुणाची अठ्ठेचाळीस. ही टेप आकडा सांगते आणि गप्प बसते. हसायचं काम माणसं करतात."

"मी आधी हसून घेते, मास्तर. मग दुसऱ्यांचं लागत नाही."

"लागत नाही तर ही अकरा शर्टांची काजं काय भुताने केली?" मास्तर म्हणाले. "तुम्ही स्वतःवर पहिली कात्री चालवता, काजताई. मग बाकीच्यांना वाटतं, कापड कापण्यासाठीच ठेवलंय."

मास्तरांनी शर्टांचे चुकलेले पुढचे भाग उसवून घेतले आणि नवे बेतायला बसले. जाता जाता एवढंच म्हणाले, की सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, माझ्या तोंडून जाणार नाही.

खरंच, कुणाला कळणारच नव्हतं. चेहरा दिसत नव्हता. जॅकेट जाळून टाकलं, कालव्याकडे जाणं सोडलं की संपलं. घरी जाताना काजताईने हेच ठरवलं. लाल बटण तिने पर्सच्या तळाशी ढकलून दिलं.

दार उघडलं तर चौदा वर्षांची लेक सोफ्यावर लोळून खदाखदा हसत होती. आई, हे बघ, म्हणून तिने फोन पुढे केला. वर्गाच्या ग्रुपवर आलेला व्हिडिओ. पाठमोरी बाई, आणि खाली ओळ : पुढच्या खांबाचा विमा काढलाय का कुणी? बहिणींच्या ग्रुपवरून भाच्यांकडे, भाच्यांकडून कुठे कुठे. एका दिवसात तिचे शब्द तिच्याच घरी, तिच्याच लेकीच्या हातात, फिरून आले होते.

"कुणी लिहिलंय माहीत नाही, पण कसलं भारी लिहिलंय!" लेक म्हणाली. हसता हसता तिचा आवाज थोडा बारीक झाला. "आई, पळताना मी पण मागून अशीच दिसत असेन ना? म्हणून मी खेळाच्या तासाला पोटात दुखतंय म्हणून सांगते. चारेक महिने झाले. बाईंना खरं वाटतं."

आणि ती पुन्हा हसली. मोठ्याने, आधीच, दुसऱ्या कुणी हसायच्या आत.

सकाळचा धक्का याच्यापुढे काहीच नव्हता. हे हसणं काजताईच्या ओळखीचं होतं. हे तिचंच होतं. चपलेच्या पट्ट्याची युक्ती लेकीने पोटदुखी म्हणून उचलली होती, आणि आपण कधी शिकवली तेसुद्धा आईला कळलं नव्हतं!

तिने पिशवीतून जॅकेट काढून अंगात घातलं. दिवाणखान्याच्या मधोमध उभी राहिली आणि लेकीकडे पाठ केली.

मागून फोन सोफ्यावर पडल्याचा आवाज आला.

"आई... ती तू?"

"मीच. आणि ते विम्याचंही मीच लिहिलंय."

त्या संध्याकाळी मायलेकी जेवणाआधी किती वेळ बोलल्या, कोण आधी रडलं, ते सांगायची गरज नाही. लाल बटण लेकीने लावलं. टाके वाकडे आले. काजताईने ते उसवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या चहाला काजताईने जॅकेट टेबलावर पसरलं, कळ्या वर करून. म्हणाली, की कालची बाई मी आहे. सात खांब न थांबता पळाले होते, म्हणून नाचले. विम्याचा विनोद मी केला, तो करायला नको होता, स्वतःवरही आणि दुसऱ्या कुणावरही. एवढं बोलून ती खाली बसली.

कॉलरने कप खाली ठेवला तो बशीच्या बाहेर. ओव्हरलॉकचं तोंड उघडं ते उघडंच.

"अगं, मला काय माहीत तू आहेस," ती कशीबशी म्हणाली. "मला वाटलं, कुणीतरी असेल."

"कुणीतरी म्हणजे कोण गं?" काजताईने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "ती जी कुणी असती, तिलाही घर असतंच ना?"

ओव्हरलॉक उठली. ती जॅकेटजवळ आली, कळी उलटी करून पाहिली. आतून कडा सुटत होत्या, दोरे निघत होते. तिने जॅकेट उचललं, आपल्या मशीनवर नेलं आणि दोन्ही कळ्यांच्या कडा वरपासून खालपर्यंत पक्क्या बांधून आणल्या. मग सगळ्यांसमोर फोन काढून व्हिडिओ पुसला. ज्यांना पाठवला होता त्यांनाही पुसायला सांगितलं. सगळीकडून पुसला जाणार नाही, हे तिलाही कळत होतं. ते काज होतं, शिवण नव्हती.

रविवारी उजाडता उजाडता कालव्याच्या रस्त्यावर दोघी होत्या. लेक पहिल्या खांबापासून निघाली, दुसऱ्यापाशी पोचली आणि गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागली. एवढंच जमलं, असं काहीसं ती पुटपुटली. काजताईने खिशातून शर्टाचं एक पांढरं बटण काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"एवढंच नाही. पहिला."

पलीकडच्या काठाने एक स्कूटर गेली. दोघींनी तिकडे पाहिलं. लेकीने आईचा हात घट्ट धरला. स्कूटर थांबली नाही.

वाचकहो, पाठमोऱ्या माणसाला चेहरा नसतो असं आपण धरून चालतो, आणि अंगठ्याच्या एका दाबात त्याला गावभर फिरवून आणतो. तो चेहरा आपल्या आईचा असेल, लेकीचा असेल, आपला स्वतःचाही असेल. म्हणून पुढे ढकलण्याआधी शेवटपर्यंत बघा. आणि शेवटी जर कुणी खांबाला मिठी मारून नाचताना दिसलं, तर हसू नका. त्या खांबापर्यंत यायला तिला किती महिने लागलेत, ते आपल्याला ठाऊक नसतं. जमलं तर एक बटण द्या. नाही जमलं तर निदान तिच्या वाटेतून बाजूला व्हा, तिला अजून पुढचा खांब गाठायचाय!