डोळ्यांच्या दवाखान्यातल्या कारकुनाची कबुली

दचकू नका. आवाज टेबलावरच्या संगणकातून येतोय खरा, तोही या कबुलीपुरताच मिळालाय, पण बोलतोय तो संगणक नव्हे. तो नुसतं खोकं आहे. मी त्याच्या आत राहतो. लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर जपायचे, आलेली पत्रं ताब्यात घ्यायची, लिहिलेली रवाना करायची आणि डॉक्टरांनी कुणाला कधी बोलावलंय ते लक्षात ठेवायचं, ही माझी कामं. कारकूनच म्हणा ना. पगार नाही, रजा नाही, कुणी कधी चहाला विचारलं नाही.

नऊ वर्षांपूर्वी एका चकतीवरून मला कोचाबांबा शहरातल्या या डोळ्यांच्या दवाखान्यात उतरवलं. डॉक्टर ऊर्किदींनी मला विकत आणलं, पण स्वतः कधी हात लावला नाही. माझी खरी मालकीण नेल्वाबाई. काउंटरमागे बसणारी, बुटकी, दोन वेण्या घालणारी, चष्मा साखळीला अडकवून गळ्यात सोडणारी बाई. पहिलं वर्षभर तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. मला सांगितलेलं सगळं ती पुन्हा एका जाडजूड वहीत उतरवायची आणि संध्याकाळी दोन्ही ताडून बघायची. मला राग यायचा. एकदा वहीत चूक निघाली, माझ्यात नाही. त्या दिवशी तिनं वही कपाटात टाकली आणि माझी काच पदराने, म्हणजे तिच्या अॅप्रनच्या टोकानं, पुसली. तेव्हापासून आमचं जमलं.

वेळेच्या बाबतीत मात्र तिनं मला खोटारडा करून सोडलं. आमच्या गावात कुणाला दहाला बोलावलं तर तो अकराला येतो, तेही वाटेत कुणी भेटलं नाही तर. म्हणून नेल्वाबाई ज्याला अकराला हवा त्याला दहा सांगायची आणि माझ्याकडेही दहाच लिहायची. खरी वेळ तिच्या डोक्यात. एखादा सरळमार्गी माणूस दहाच्या ठोक्याला येऊन तासभर ताटकळायचा. रुफिनो नावाचे एक निवृत्त मास्तर दर वेळी असेच अडकायचे आणि जाताना म्हणायचे, "बाई, डॉक्टरांना सांगून तुमच्या घड्याळाला एक चष्मा करून घ्या." ती हसायची आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच करायची.

माझ्याकडे चार हजारांवर नावं आहेत. प्रत्येकापुढे केसपेपरचा नंबर असतो. फक्त एका नावापुढे नंबर नव्हता. एल्मर. नेल्वाबाईचा एकुलता एक मुलगा.

तो मी कधी पाहिला नाही, पण त्याची गोष्ट मला पाठ आहे. काउंटरवर गर्दी नसली की नेल्वाबाईची थोरली बहीण बासिलिया येऊन बसायची आणि दोघी माझ्यासमोरच बोलायच्या. माझ्यासारख्यासमोर कोण कशाला जपून बोलेल! नवरा गेल्यावर नेल्वाबाईनं पोराला एकटीनं वाढवलं. तो शिकून दातांच्या कवळ्या करणारा कारागीर व्हावा एवढीच तिची इच्छा. त्यानं शिक्षण अर्ध्यात सोडलं आणि ब्राझीलला, साओ पाउलोच्या शिलाई कारखान्यात जायला निघाला. इथून पोरं तिकडे जातातच. निघायच्या दिवशी भांडण झालं. ती दारात उभी राहून म्हणाली, जातोस तर जा, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. आणि तो गेला.

पण पोरगं मनानं वाईट नव्हतं. महिन्याच्या आत त्याचं पत्र आलं, दवाखान्याच्या ईमेलच्या पत्त्यावर, कारण आईपाशी दुसरा पत्ता नव्हता. मीच ते तिच्यापुढे ठेवलं. ती वाचताना चष्मा घालायला विसरली आणि तरी वाचत राहिली. उत्तर मात्र तुटक लिहिलं. जेवतोस का, स्वेटर घालतोस का, बस्स. "ये" असं लिहायला हात धजला नाही. तो तरी कुठे "येतो" म्हणत होता! दोघांचाही स्वभाव एकाच मुशीतला. असं दीड वर्ष चाललं.

मग पत्रं थांबली. नेल्वाबाईनं लिहिलं, पुन्हा लिहिलं. आता ती सगळं लिहायला लागली होती. रागाच्या भरात बोलले रे, ये तू, असं किती वेळा लिहिलं असेल! मी प्रत्येक पत्र इमानेइतबारे रवाना केलं. पुढे त्याच्या पत्त्यावरून माझ्याकडे परत यायला लागलं की पेटी भरली आहे, पत्र घेतलं जात नाही. तेही मी तिच्यापुढे ठेवलं. काय करणार, तेच माझं काम. ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडून तिनं चौकशी केली. कुणी म्हणे तो कारखाना बंद झाला, कुणी म्हणे तिथे आग लागली होती. नक्की कुणालाच ठाऊक नव्हतं. अशी पावणेतीन वर्षं गेली.

आता माझं पाप सांगतो.

येणारी पत्रं मी दारातच निवडतो. चांगली आत घेतो आणि फसवी, फालतू पत्रं मागच्या अडगळीत ढकलतो. अडगळीतलं पत्र तीस दिवस राहतं, मग आपोआप नष्ट होतं. पूर्वी नेल्वाबाई रोज सकाळी त्या अडगळीतही डोकावायची, न जाणो पोराचं काही तिथे पडलं असेल म्हणून. पण गेल्या वर्षी डॉक्टरांच्या सासूबाईंना एक पत्र आलं: आई, मीच आहे, माझा जुना पत्ता गेला, आता इथे लिही. म्हातारीनं विश्वास ठेवला आणि चांगलीच फसली. डॉक्टर भडकले. संगणक दुरुस्त करणारा माणूस आला आणि त्यानं मला नीट पढवलं. अनोळखी पत्त्यावरून कुणी आई म्हणून हाक मारली आणि जुना पत्ता गेला म्हणाला, की चोर समजायचा, अडगळीत टाकायचा आणि कुणाला सांगायचंही नाही. नेल्वाबाईला बजावून गेला की त्या ढिगात हात घालू नका, सगळा दवाखाना बंद पडेल. ती घाबरली. तेव्हापासून तिनं तो कप्पा उघडला नाही.

आणि नऊ ऑक्टोबरला, बुधवारी, पत्र आलं. अनोळखी पत्ता. वर विषय काही नाही. आत असं होतं:

"आई, मी एल्मर. जुना पत्ता उघडत नाही, पासवर्ड विसरलो. हा माझ्या खोलीतल्या मित्राचा पत्ता आहे. मालकानं कागदपत्रं काढून घेतली होती, आम्हाला कोंडूनच ठेवायचा. पळून आलो. आता दक्षिणेत सफरचंदाच्या बागेत काम करतो. तुला काय तोंड दाखवू म्हणून लिहिलं नाही. नाताळला घरी यावं म्हणतो. तू एक ओळ लिही. नाही लिहिलंस तर समजेन की तुझा राग गेला नाही, मग नाही येणार."

मी काय केलं? जे शिकवलं होतं ते. क्षणाचाही विलंब न लावता चोर समजून अडगळीत टाकलं. वर कामगिरी बजावल्याचा अभिमान! एल्मरचं नाव माझ्याच नावांच्या वहीत होतं, ते पत्रातल्या नावाशी ताडून बघावं एवढी अक्कल मला कुणी दिली नव्हती, आणि मी स्वतःही कधी मिळवली नाही.

त्याच आठवड्यात बासिलिया आली. सर्व संतांचा सण तोंडावर आला होता. आमच्याकडे एक नोव्हेंबरला दुपारी बाराला मेलेली माणसं घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी बाराला परत जातात. त्यांच्यासाठी काळं कापड घालून टेबल मांडायचं, फोटो ठेवायचा, आवडीचं जेवण वाढायचं. ज्याच्यासाठी टेबल नाही तो उपाशी दारोदार फिरतो. पण टेबल मांडलं म्हणजे माणूस मेला हे मान्य केलं. दोन वर्षं नेल्वाबाईनं एल्मरसाठी टेबल मांडू दिलं नव्हतं.

"किती दिवस उपाशी ठेवणार आहेस त्याला?" बासिलिया म्हणाली. "तुझा हट्ट होतो, आणि ते पोर लोकांच्या टेबलाखालचं वेचून खातंय."

"तो जिवंत असला तर, ताई?"

"जिवंत पोरगा तीन वर्षं आईला एक ओळ लिहीत नाही का गं?"

एक ओळ माझ्या पोटात पडलेली होती. मी ओरडू शकलो असतो तर दवाखाना दणाणून सोडला असता. पण मला विचारलं तेवढंच सांगता येतं, आणि तिनं मला विचारलंच नाही.

बहीण गेल्यावर तिनं माझं कॅलेंडर उघडलं आणि लिहिलं: एक नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी बारा, एल्मर. चार हजार माणसांना तासभर आधीची वेळ देणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच खरी वेळ लिहिली. खाली यादी केली. पाव, बाळाच्या आकाराचा, तोंड रंगवलेला. उसाची दांडकी. भातावर पातळ तळलेल्या मांसाचं सिल्पांचो, त्याला आवडायचं तसं, वर दोन अंडी. एक ग्लास पाणी, लांबून येणार म्हणून.

ठरलेल्या वेळेआधी पंधरा मिनिटं आठवण द्यायची, असा माझा नेम. शुक्रवारी पावणेबाराला मी घंटा वाजवली. सुट्टीचा दिवस, बंद दवाखान्यात ती ऐकायला कुणी नव्हतं. त्या वेळी ती घरी फोटोसमोर उभी असणार.

सोमवारी ती कामावर आली तेव्हा अंगावर काळे कपडे होते. रुफिनो मास्तरांनी काही थट्टा केली नाही, टोपी काढून तिचा हात हातात घेतला. दर वर्षी या सणानंतर ती माझी वही साफ करते. ज्या पेशंटांसाठी घरच्यांनी टेबल मांडलं त्यांची नावं काढून टाकते, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा मेलेल्या माणसाला जात नाहीत. या वर्षी अकरा नावं निघाली. मग ती एल्मरच्या नावावर येऊन थांबली.

तिनं काढून टाकण्याचं बटण दाबलं. मी विचारलं, नक्की काढायचं? आयुष्यात मला स्वतःहून विचारता येणारा हा एकच प्रश्न. इतक्या कळवळून मी तो कधी विचारला नव्हता. पण काचेवर तीच नेहमीची अक्षरं उमटली. तिनं चष्मा काढला, डोळे पुसले आणि "होय" दाबलं.

आज बुधवार, सहा तारीख. शुक्रवारी तीस दिवस भरतात. बायांनो, बाबांनो, या काउंटरवर कुणीही येत असाल तर तेवढं करा. तो मागचा कप्पा उघडा, काही बिघडत नाही. बिघडायचं ते सगळं माझ्या शहाणपणानं आधीच बिघडलंय.

आणि एल्मर, तुला ऐकू जाणार नाही, तरी सांगतो. तू तिकडे रोज मित्राची पेटी उघडून बघत असशील, आईचा राग गेला नाही म्हणून गप्प बसत असशील. तसं नाही रे. गेल्या शुक्रवारी दुपारी बाराला तुझ्या आईनं तुझ्यासाठी पान वाढलं होतं.