इस्त्री केलेलं बिल

लाँड्रीवालीला सुरकुती बघवत नसे. हॉटेलची चादर असो की नवऱ्याचा रुमाल, दिसली सुरकुती की फिरली इस्त्री. त्यामुळे नवं धुलाईचं मशीन आलं त्या दिवशी, "बिल कुठंय, बिल कुठंय" म्हणून तिने भंडावून सोडल्यावर नवऱ्याने खिशातून चुरगळलेला बोळा काढून दिला, तेव्हा तिचे हात डोक्याला न विचारताच कामाला लागले. छापील कापड उलटं करून इस्त्री करायचं, ही धंद्यातली सवय. तिने कागद तसाच उलटा पसरला, गरम इस्त्री फिरवली आणि सुलटा करून पाहिला.

बिल काळंठिक्कर! आच लागली की काळा पडणारा, दुकानातल्या मशीनचा तो गुळगुळीत कागद. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

बिलाशिवाय वॉरंटी नाही, अशी पाटीच मशीनच्या दुकानात होती, आणि दोघांची सगळी पुंजी या मशीनमध्ये गेलेली. तिने कागद कपाटात दडवला आणि नवऱ्याला चकार शब्द सांगितला नाही. मशीन जरा घरघरलं तरी बाईचा जीव टांगणीला.

काल ते बंदच पडलं. आत हॉटेलच्या चादरी, बाहेर आणखी ढीग. चादरी वेळेवर गेल्या नाहीत तर काम दुसऱ्याला देणार, असं हॉटेलच्या मॅनेजरने आधीच बजावलेलं. मग तिने नवऱ्यापुढे हात जोडून, रडत रडत सगळं कबूल केलं.

नवरा चिडला नाही. "जाऊ दे. चुका माणसाच्याच हातून होतात," म्हणाला आणि तिला पाणी आणून दिलं. एरवी शर्टाचं बटण तुटलं तरी घर डोक्यावर घेणारा हा माणूस! तिला अगदी भरून आलं. सकाळी तीच त्याला ओढत दुकानात घेऊन गेली.

"माझ्या हातून बिल जळालं, दादा. तुमच्या कॉम्प्युटरमधून दुसरं काढून द्या."

दुकानदाराने तारीख विचारली, शोधलं, मान हलवली. "त्या दिवशी हे मशीन आमच्याकडून विकलंच गेलेलं नाही, ताई."

"असं कसं? आमच्या घरात काय आभाळातून पडलं? अहो, सांगा ना यांना!"

नवरा पंख्यांच्या खोक्यांकडे बघत राहिला. दुकानदार गालातल्या गालात हसला. "यांनाच विचारा. बिल हवं की कमी भाव हवा, असं मी विचारलं होतं."

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. "मग मी इस्त्री केली ते काय होतं?"

"समोर चहा प्यायलो होतो, त्याचं बिल," नवरा पुटपुटला. "तू पिच्छाच सोडत नव्हतीस. म्हटलं, चार पैसे वाचले तर वाचले."

पैसे गेले, वॉरंटी गेली, हॉटेलचंही काम गेल्यात जमा, हे सगळं तिला समजत होतं. तरी ती त्यावर बोललीच नाही. डोळे विस्फारून ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"काल मी तुमच्यापुढे हात जोडले," ती म्हणाली, "आणि तुम्ही मला माफ केलंत?"