बकारामच्या पेशी आणि मी

मी एक जुनी मोजणीची काच आहे. बोटभर लांब, जाड, अंगावर केसाहून बारीक घरं कोरलेली. गोंदियाच्या एका कॉलेजातल्या प्रयोगशाळेत सोळा वर्षं काढली आणि माझा आकडा एकदाही चुकला नाही. निदान गेल्या मंगळवारपर्यंत.

मित्रांनो, माझ्यावर थेंब ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायचं आणि घराघरातल्या पेशी मोजायच्या. थेंबात निळा रंग असतो. मेलेली पेशी निळी पडते. जिवंत पेशी रंगाला आत घेतच नाही, लख्ख राहते. काचेला श्वास नसतो, तरी ते बघून माझा अडकतो.

दामिनीला एमएस्सीसाठी रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी वाढवून दाखवायच्या होत्या. दोनदा त्या मेल्या. शुक्रवारी सरांना आकडा द्यायचा, नाहीतर वर्ष गेलं. पेशींसाठी रक्त शिपाई बकारामचं. तो रोज विचारायचा, "मॅडम, माह्या पेशी जेवल्या का?"

मंगळवारी एकेका घरात दहाच्या जागी दोनशे पेशी. मीही अभिमानाने फुगले. मग दामिनीने नीट पाहिलं. गोळ्याला गोळा चिकटलेला.

"हे तर यीस्ट, पाव फुगवणारी बुरशी! बाहेरून आली," म्हणत तिने पेशी वाढवायचं उबेचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर ओलं पोतं.

"काका, हे काय?" तिने बकारामला विचारलं.

"उन्हाळी धानाचं बियाणं होय. थंडीत अंकुरच नाही फुटून राहिले."

"म्हणून माझ्या कपाटात?"

"तुमी बी तं वाढवूनच राहिल्या ना, मॅडम."

दामिनीने कपाळाला हात लावला. "आता इथे कणभर घाण दिसली नाही पाहिजे." बकारामने कपाट दोनदा घासलं आणि रक्त द्यायला पुन्हा बाही वर केली.

शुक्रवार आला. घाईत दोन थेंब सांडले, उरलेला शेवटचा माझ्यावर उतरला. काय सांगू! घरंच्या घरं भरलेली, सगळी लख्ख. एक पेशी मधोमध चिमटून दोन होत होती. बकारामनेही डोळा लावला.

"हे माह्या आंगात होतं?" तो हळूच म्हणाला.

"आधी सरांना बघू देत, मग मोजू," म्हणत दामिनी धावली.

मित्रांनो, आम्हा काचांना जपा. काम झालं की मऊ कापडाने पुसा. पण आधी आकडा लिहा.

सर आले तेव्हा बकारामने मला खांद्यावरच्या दुपट्ट्याने स्वच्छ पुसून पेटीत ठेवलं होतं.