डाव्या अंगठ्याखालचं बटण

मी स्टिअरिंग बोलतोय. खऱ्या गाडीचं नव्हे हं. टेबलाच्या कडेला आवळून बसवतात आणि पडद्यावरची गाडी पळवतात, ते. माझ्यापुढे इंजिन नाही, खाली चाकं नाहीत. पण खोटं म्हणून हसू नका. मला धरून धरून तळहाताला घट्टे पडलेली माणसं मी पाहिली आहेत.

माझ्या अंगावर बटणं बरीच आहेत. त्यातल्या एकाकडे तेवढं लक्ष द्या, डाव्या अंगठ्याखालच्या. त्याच्यावरचं चिन्ह पार झिजून गेलंय. वळण चुकलं, गाडी कठड्याला घासली, की हे दाबायचं. गाडी पुन्हा सुरुवातीच्या रेषेवर उभी, घड्याळ शून्यावर. झालं गेलं गंगेला मिळालं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तो थेट दाम्यानच्या घरात, बल्गेरियाच्या डोंगरातल्या या गावात. दाम्यान लाकडाच्या वखारीत कामाला होता. त्याची बहीण नेवेना मला बघून म्हणाली होती, की लोक या वयात बायको आणतात, आमच्या दादाने चाक आणलं. तो नुसता हसला आणि मला टेबलाला आवळू लागला.

गावातून वर संत इलियाच्या चर्चपर्यंत वळणावळणाचा रस्ता जातो. इलियाच्या सणाला तिथे गाड्यांची शर्यत असते. एकेकाने सुटायचं, भांडण फक्त घड्याळाशी. दाम्यान आणि टायरच्या दुकानात काम करणारा त्याचा जिवलग यासेन, या दोघांनी खपून हाच रस्ता हुबेहूब खेळात उतरवला. प्रत्येक कठडा, प्रत्येक चढ, वरच्या वळणावरचं अक्रोडाचं झाडसुद्धा. वर्षभर दाम्यान माझ्यावर तो रस्ता चढला. मग सणाच्या आधी एकदा खऱ्या गाडीने सरावाला गेला, आणि अक्रोडावर आदळला. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, जागीच गेला.

आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबावर, झाडावर लावतात. दाम्यानचा कागद त्याच अक्रोडाला लावला. चाळिसाव्या दिवशी त्याच्या वस्तू जवळच्या माणसांना वाटल्या; तशा वाटल्या म्हणजे त्या त्याला पोचतात म्हणे. कोट काकाला गेला, बूट शेजाऱ्याला. मला नेवेनाने चादरीत गुंडाळून यासेनकडे नेऊन दिलं.

यासेन आधी अगदीच कच्चा होता. वळणात धाडकन शिरायचा आणि बाहेर पडताना रखडायचा. हळूहळू त्याला कळलं, की वळणात शिरताना जो दम धरतो तोच बाहेर पडताना पळतो. मला गच्च आवळायचं सोडून तो बोटांनी धरायला शिकला. खेळात आपलीच आजवरची सर्वांत वेगवान फेरी धुरकट गाडी होऊन पुढे पळत असते. तिला भूत म्हणतात. लोक भुताला बघून पळतात, हा भुतामागे पळायचा, तेही स्वतःच्याच. त्याला गाठलं की नवं भूत तयार, आधीच्यापेक्षा चपळ. शेवटी शेवटी त्याला हरवायचं तर एकच जागा उरली होती, अक्रोडाचं वळण. तिथे ब्रेक आणखी उशिरा, आणखी उशिरा. बहुतेक वेळा गाडी झाडावर जायची. मग अंगठा.

खरी गोम इथेच होती. चुकलेली फेरी पुढे न्यायचीच नाही, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. दाम्यानच्याही पडलं होतं. माझ्यावर दोघंही वेगात जायला शिकले. चुकल्यावर गाडी सावरायला मात्र कोणी शिकलं नाही. मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं.

यासेनची आई रुमियाना बानित्साची, चीज भरून भाजलेल्या पोळीची, ताटली आणून टेबलावर ठेवायची आणि दारात उभी राहून बघायची. शेजारणीला सांगायची, पोरगं घरात बसून गाडी चालवतंय तोवर माझ्या जिवाला घोर नाही. बिचारी.

एका दुपारी नेवेना आली आणि माझ्यासमोर बसली. तिचे हात गार होते. तिने सावकाश गाडी वर नेली आणि अक्रोडापाशी थांबवली.

"कागद कुठंय?" तिने विचारलं.

"कसला?"

"माझ्या भावाचा."

"खेळात कशाला तो?" यासेन म्हणाला. "त्याने वेळ कमी होणारे का?" बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, की यंदा तो शर्यतीत उतरणार आहे, दाम्यानच्या नावाने. "खऱ्या रस्त्यावर एकदा माझ्या शेजारी बसून बघ, मग बोल."

ती त्याच्या गाडीत बसून वर गेली. परत आली ती तडक खोलीत शिरून माझ्यापाशी उभी राहिली.

"वर खडीवरून गाडी घसरली, तेव्हा मी तुझ्या हाताकडे बघत होते," ती म्हणाली. "पाय हलायच्या आधी अंगठा हलला तुझा. काय दाबत होतास?"

"सवय गं. सावरली ना गाडी?"

"हळू होतो म्हणून सावरली. यासेन, हे बटण उपटून टाक. चुकलेली फेरीसुद्धा वरपर्यंत ने. सण जाऊ दे यंदाचा, पुढच्या वर्षी उतर."

यासेनने बटणाच्या कडेला नख घातलं. मला वाटलं, पटलं याला. पण त्या वेळी भूत केसभरच पुढे होतं.

"सण होऊ दे," तो म्हणाला. "मग काढतो."

सणाच्या सकाळी आभाळ गुरगुरत होतं. इलिया रथ हाकतोय, असं म्हातारी माणसं म्हणतात. यासेन निघण्याआधी खोलीत आला, मला हात लावला, आणि शकुनाचा म्हणून ते बटण एकदा दाबलं. दारात रुमियानाने त्याच्या वाटेवर पाणी ओतलं. सगळं पाण्यासारखं सुरळीत होवो, म्हणून ओततात. तिने जरा जास्तच ओतलं.

खिडकी उघडी होती. डोंगरावरून इंजिनाचा आवाज येत होता. तो रस्ता मला आवाजावरून पाठ आहे. पहिली वळणं त्याने अशी घेतली, की मलाही अभिमान वाटला. अक्रोडाच्या अलीकडे आवाज खाली यायला हवा होता. तो आला नाही. मग टायर किंचाळले, आणि नंतर काहीच ऐकू आलं नाही. उंबऱ्यातलं पाणी तेव्हा अजून वाळलंही नव्हतं.

आता अक्रोडावर दोन कागद आहेत. उद्या चाळिसावा दिवस. पलंगावर शर्टांच्या घड्या आहेत, शेजारी मी, वायर गुंडाळलेला. उद्या मी कोणाच्या तरी हाती पडेन. जो कोणी असशील, बाबा रे, माझ्यावर हवा तेवढा वेग शीक, पण आधी ते बटण काढ. चुकलास तरी फेरी पुरी कर. खऱ्या गाडीत त्या जागी काही नसतं रे.

मघाशी नेवेना मला न्यायला आली होती. म्हणाली, "मावशी, हे कोणाला देऊ नका. मी नेऊन जाळते."

"पोरी, गेलेल्याची वस्तू जाळत नाहीत," रुमियाना म्हणाली. तिने मला मांडीवर घेतलं आणि ओल्या फडक्याने पुसू लागली. झिजलेल्या बटणापाशी तिचा हात थांबला. "हे कशाचं गं? इतकं कसं झिजलं?"

नेवेना खाली बघत म्हणाली, "चुकलं की पहिल्यापासून सुरू करायचं, त्याचं."

रुमियानाने फडकं बाजूला ठेवलं. अंगठ्याने ते बटण दाबलं. थांबली, दाराकडे बघितलं, आणि पुन्हा दाबलं. मग दाबतच राहिली.