वेताळाचे डोळे

सहादेवाचा तेरावा उरकला आणि दुसऱ्याच दिवशी सूर्यभान पाटील मुखवटा मागायला आले. देवादिकांची सोंगं नाचवायचा गावचा बोहाडा चार दिवसांवर आला होता.

"मने, बापानं वेताळ पुरा केला हाय नव्हं?"

मनकर्णेनं कणगीमागून गाठोडं काढून सोडलं. वडील गेल्यापासून तिनं त्याला हात लावला नव्हता. फुगलेल्या नाकपुड्या, लोंबती जीभ, दातांची रांग, सगळं जागच्या जागी होतं. डोळ्यांना मात्र भोकं नव्हती.

"इसरला म्हातारा," पाटील म्हणाले. "आंधळ्याला डोळ्यांची काय याद?"

"विसरले नाहीत, काका. मी कापते."

डांगाणातल्या त्या गावात सहादेवाइतके मुखवटे कुणी केले नव्हते. काचबिंदूनं नजर जाऊन सात वर्षं झाली होती, आणि मनकर्णेच्या मते त्यांचे खरे मुखवटे त्यानंतरचेच. डोळस होते तोवर ते आज्याच्या मुखवट्यांची नक्कल उतरवायचे. नजर गेल्यावर समोर येईल त्याचं तोंड चाचपू लागले. पाटलांचं नाक एका राक्षसाला लागलं, तेव्हा पाटील आठ दिवस बोलले नव्हते. महायुद्धात कागद मिळेना, तर संगमनेरच्या शाळेत शिकवणारी मनकर्णा तिथल्या मुलींच्या जुन्या उत्तरपत्रिका पाठवी. मेथी आणि चिंचोक्याच्या खळीत त्यांचा लगदा होई. रंग ती सुट्टीत येऊन देई. कुठं कुठला, ते वडील सांगत.

गेल्या साली वेताळाचा डावा डोळा बोटभर खाली कापला गेला. वेताळाचं सोंग घेणारा कानिफनाथ नीट न दिसून नाचता नाचता पेटत्या टेंभ्यावर गेला. मुखवटा जळाला आणि त्याचा गालही. त्या सकाळी ती सगळ्यांदेखत म्हणाली होती, "बाबा, यापुढं डोळे तुम्ही कापू नका."

"बरं," ते म्हणाले होते. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

दुपारी कानिफनाथ मुखवटा तोंडाला लावून बघायला आला. भाजलेल्या गालाची कातडी अजून ताणलेली होती.

"नीट काप गं बाई," तो म्हणाला. "आता एकच गाल उरलाय."

तो गेल्यावर तिनं मुखवटा पालथा घेतला आणि आतून बोट फिरवलं. दोन ठिकाणी लगदा अंगठ्यानं दाबून पातळ केलेला होता. तिनं नाकाच्या मुळाशी दोरा आडवा धरला. उजवा खळगा दोऱ्याला लागून होता. डावा बोटभर खाली, गेल्या सालच्याच जागी. तिनं तीनदा मापलं.

म्हणजे हात चुकला नव्हता. गावाकडं असा तिरका, खालून बघणारा वेताळच त्यांना हवा होता, आणि तिनं चूक म्हटल्यावर त्यांनी एका शब्दानंही सांगितलं नाही. की हाताला तीच चूक लागली होती? विचारायचं ते माणूस तेरा दिवसांपूर्वी गेलं होतं.

तिनं चाकू हाती घेतला. मग दोऱ्यावर दोन खुणा केल्या आणि डोळे एका ओळीत कापले. अंगठ्याचा डावा खळगा तसाच खाली राहिला. रंग दिल्यावर तो वेताळ चार गावच्या वेताळांसारखा दिसू लागला.

बोहाड्यात तांबडं फुटायच्या सुमाराला वेताळ आला. कानिफनाथ टेंभ्यांच्या दोन्ही रांगांमधून नाचत गेला, कुठं अडखळला नाही. बायका मुलांना पदराआड घेत होत्या, पण मुलं काही गेल्या सालासारखी रडली नाहीत.

पाटील तिच्याजवळ येऊन उभे राहिले.

"डोळं तू कापलंस म्हणा, पर खूण म्हाताऱ्याचीच. यंदा त्याचा हात सरळ पडला बघ. मरता मरता का व्हईना, जमलं."

"व्हय, काका," मनकर्णा म्हणाली.